दारातून गुरगुरणारं इंजिन

आमच्याकडे ट्रक कुरकुरायला लागला की माणूस आधी आर्डिस झिमरच्या अंगणात जायचा आणि मग गॅरेजमध्ये. आर्डिस बॉनेट उघडत नसे. इंजिन चालू ठेवायला सांगायची, एक तळवा मडगार्डावर टेकवायची, डोळे मिटायची आणि जरा वेळाने म्हणायची, "डावीकडचा तिसरा." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात परत जायची, कारण ओव्हनमध्ये काहीतरी असायचंच. गॅरेजवाला उघडून बघायचा तर बिघाड डावीकडच्या तिसऱ्याच सिलिंडरमध्ये सापडायचा. आर्डिसला याचा गर्व नव्हता असं मी लिहिलं तर ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही. तिला भरपूर गर्व होता आणि तो तिला शोभायचा.

मी मर्व्ह. जन्मभर घेवड्याच्या कोठारात वजनकाट्यावर काम केलं, पण लोक मला ओळखतात ते जत्रेतल्या आवाजामुळे. ऑगस्टमध्ये आमच्या काउंटीची जत्रा भरते, तिथे पिकअप ट्रकांची ओढ लागते आणि माइकवर मी असतो. हातात माइक नसला तरी मी बोलतच असतो, असं माझी बायको म्हणते. आमच्या मिशिगनचा नकाशा हातमोज्यासारखा दिसतो, म्हणून कुणी परका गाव विचारायला लागला की आम्ही हाताचा पंजा पुढे करून त्यावर गाव दाखवतो. आमचं बोट अंगठ्याच्या नखाखाली जातं, आणि आमच्या भागाला अंगठाच म्हणतात. तिथे बीट, घेवडा आणि ट्रक याशिवाय दुसरं काही पिकत नाही.

ओढीत ट्रकच्या मागे साखळीने एक लोखंडी गाडा बांधतात. गाड्यावर वजनाची मोठी पेटी असते. गाडा पुढे जाईल तशी ती पेटी ट्रकच्या बाजूला सरकते, गाड्याचं नाक मातीत रुततं आणि ओझं वाढतच जातं. बहुतेक ट्रक मैदानाच्या मध्यावर धापा टाकून थांबतात. जो शेवटची खूण ओलांडतो त्याची पुरी ओढ. आर्डिसची पुरी ओढ होणार हे इतकं ठरलेलं असायचं की तिची पाळी आली की निम्मे लोक हत्तीकान आणायला उठायचे. हत्तीकान म्हणजे ताटाएवढी तळलेली गोड पुरी. जत्रेत ती खाल्ली नाही तर जत्रा झाली असं आम्ही मानत नाही.

इंजिनाचा बिघाड ओळखणारा कान आर्डिसला कारखान्याने दिला होता. पश्चिमेकडच्या इंजिनच्या कारखान्यात आठ सिलिंडरचं इंजिन जोडून झालं की ते पहिल्यांदा पेटवून ऐकायचं, हे आर्डिसचं काम. लांब पेचकसाचं टोक ती इंजिनाला लावायची, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते ऐकायची. कारखाना कानात घालायला बोळे द्यायचा. तिने ते कधी घातले नाहीत. कान बंद करून ऐकायचं कसं, असं ती विचारायची, आणि इंजिनं ऐकायच्या त्या खोलीतले सगळेच तसं विचारायचे. आमच्याकडे कान म्हणजे कसब, आणि कसबाला बूच मारून ठेवणं कुणाला पटत नाही. कारखाना पुन्हा पुन्हा सांगायचा, सूचना लावायचा. सूचनेखाली उभं राहून ही मंडळी पेचकस कानामागे लावायची.

आर्डिसचा थोरला भाऊ नॉर्बर्ट. तो बीट पिकवतो आणि ओढीच्या समितीचा अध्यक्ष आहे, आणि दोन्ही कामं एकाच चढ्या आवाजात करतो. नॉर्बर्ट कुणासमोर थांबून बोलत नाही. चालता चालता खांद्यावरून बोलतो आणि ऐकणाऱ्याने मागून यावं असं धरून चालतो. इंजिनाला आठ सिलिंडर असतात ही त्याच्या लेखी चर्चमध्ये सांगायची गोष्ट आहे. युनियनच्या हॉलबाहेर गाड्या लावायची पहिली रांग आठ सिलिंडरवाल्यांची, बाकीच्यांनी कुंपणापलीकडे चिखलात लावायची. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण पहिल्या रांगेत दुसरं काही लागलं तर नॉर्बर्ट खिडकीशी जाऊन असा उभा राहतो की मालक आपणहून उठून गाडी हलवतो.

मग इंजिनं बदलली. आठाच्या जागी सहा सिलिंडरचं, आकाराने लहान, दोन टर्बो लावलेलं इंजिन ट्रकमध्ये यायला लागलं. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा कोंडून आत भरतो, पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, आणि लहान इंजिन थोरल्यापेक्षा जास्त ओझं ओढतं. जी नवी इंजिनं आठाची राहिली तीही सपाट रस्त्यावर चार सिलिंडर गुपचूप झोपवायला लागली आणि चढ आला की उठवायला लागली. असा पहिला ट्रक गावात आला तेव्हा मालकाला वाटलं, इंजिन निम्मं मेलं. तो आर्डिसकडे धावला. तिने मडगार्डावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं की घरी जा, ते झोपलेत, मेलेले नाहीत.

कारखान्यात इंजिन पेटवून ऐकणंही बंद पडलं. आता विजेची मोटर इंजिन न पेटवता नुसतंच फिरवते आणि यंत्र निकाल देतं. आर्डिसच्या खोलीला कुलूप लागलं, केक कापून तिला निरोप दिला. ती संतापून येईल या आशेने आम्ही हॉलमध्ये वाट बघत बसलो होतो. संतापलेली आर्डिस बघण्यासारखी असते. पण निघायच्या आधी तिने एक सहाचं इंजिन सुटं करून बघितलं होतं, आणि येऊन तिने जाहीर केलं की काम चांगलं आहे. वाया जाणारा धूर कामाला लावलाय, यात रडायचं काय, असं म्हणाली. नॉर्बर्टने कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिला त्याचा काही त्रास झालेला दिसला नाही.

नॉर्बर्टचं तोंड खरं पोळलं ते मागच्या जत्रेत. त्याच्याच मुलाने, एल्डनने, सहाचा नवा ट्रक घेतला आणि ओढीत उतरवला. आत बसलेल्या एल्डनला वाटलं इंजिन पुरतं तापलंय, जोरात आहे. त्याने ब्रेक सोडला. ट्रक निघाला, गाडा हलला, आणि मैदानाच्या मध्याच्याही अलीकडे चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्या ट्रकचं नाव तिथेच शिलाई मशीन पडलं. माइकवरून मीही म्हणालो की कुणाची पँट उसवली असेल तर रांगेत या. लोक हसले. माझं कामच ते आहे. नॉर्बर्ट मात्र मैदानातून सरळ चालता झाला, आणि एल्डनचा ट्रक त्या दिवसापासून कुंपणापलीकडे लागायला लागला.

आर्डिसचे कान गेलेत हे सगळ्यांना एकदमच कळलं. शुक्रवारी हॉलमध्ये आम्ही यूकर खेळतो. पत्त्यांच्या या खेळात आर्डिस माझी जोडीदार, आणि अलीकडच्या काही वर्षांत ती भलतीच चांगली खेळायला लागली होती. समोरच्याच्या तोंडाकडे अशी बघत बसायची की त्याचे पत्ते तिला दिसतात की काय असं वाटावं. बसायचीही नेहमी भिंतीला पाठ लावून. त्या शुक्रवारी भिंतीकडची खुर्ची कुणीतरी आधीच धरली होती, म्हणून ती दरवाजाकडे पाठ करून बसली. खेळ रंगात आला असताना तिच्या मागेच बिअरच्या ग्लासांनी भरलेला ट्रे कुणाच्या तरी हातून सुटला. अख्खा हॉल दचकून उठला. आर्डिसने शांतपणे हुकुमाचा गुलाम टाकला आणि हात उचलला. मग मान वर केली तर सगळे तिच्याकडे बघत होते. नॉर्बर्टही बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी आला. मी तिथेच होतो, कारण शनिवारी आर्डिस रुबार्बचे आंबट देठ घालून केक भाजते तो मी चुकवत नाही. नॉर्बर्ट आत आला आणि सवयीने खिडकीकडे चालत बोलायला लागला. आर्डिसने त्याला सांगितलं, इकडे तोंड कर. तो वळला आणि मग त्याने जे केलं त्याने माझंच डोकं फिरलं. लहान मुलाशी बोलतात तसा एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलायला लागला.

"यंदा तू बाकावर बसून बघायचं, आर्डी. कान गेला म्हणजे ओढ गेली."

"सुटायचा हिरवा झेंडा डोळ्यांनी बघायचा असतो," आर्डिस म्हणाली.

"आणि इंजिन कानाने चालवायचं असतं. हे तूच सगळ्यांना शिकवलंस. तुला कळणार नाही ते कधी ताणलंय. ट्रक फोडशील, नाहीतर कुणाला तरी लागेल."

आर्डिसच्या हातात सुरी होती, ती तिने खाली ठेवली. मला वाटलं आता ती त्याला दारापर्यंत पोचवणार. पण ती म्हणाली, "एक ओढ दे. गाडा खुणेपलीकडे गेला नाही तर मी आपणहून उतरेन. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही."

नॉर्बर्टला हे पसंत पडलं. तिच्याकडे बापाच्या वेळचा आठाचा ट्रक होता, तोच ती आणणार आणि न ऐकता त्याची वाट लावणार, असा त्याचा हिशेब असणार. भाऊ म्हणून त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण अध्यक्ष म्हणून त्याला बरं वाटत होतं, आणि त्याच्यातला अध्यक्ष नेहमी पुढे असतो.

तो गेल्यावर आर्डिसने माझ्यापुढे बशी सरकवली. मी खायला लागलो तरी ती उभीच होती.

"कालपासून सगळे माझ्याशी शब्द तोडून तोडून बोलतात," ती म्हणाली. "पोस्टातली बाई. पाद्री. आता हा. कानाबरोबर अक्कलही गेली असं धरून चाललेत. ट्रकच्या सीटवर माझ्याशी अजून कुणी तसं बोलत नाही, मर्व्ह. ती सीट मी सोडणार नाही."

मी खायचा थांबलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे आले आहेत. मग तिने कपाट उघडून त्यात पडून असलेली कानात घालायची यंत्रं मला दाखवली. त्यातून माणसाचं बोलणं आणि पत्र्याचा डबा एकच ऐकू येतो, असं ती म्हणाली. तिला खरंच भीती वाटत होती, आणि आर्डिसला भीती वाटताना मी पहिल्यांदा बघत होतो.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आम्ही खानावळीत नाश्त्याला गेलो, तर बाहेर दातांचे डॉक्टर विलिट यांची नवी स्पोर्ट्स कार उभी. जमिनीला चिकटलेली, निळी, आणि बॉनेटखाली तेच सहा सिलिंडर आणि तेच दोन टर्बो. लोक घोळका करून चेष्टा करत होते. डॉक्टर आर्डिसच्या समोर येऊन तोंड दिसेल असे उभे राहिले आणि तिला म्हणाले, चालवून बघता का. तिच्या कानांची गोष्ट या गावात आधी कुणाला माहीत असेल तर ती यांनाच. तोंडावर पट्टी बांधून बोलणाऱ्या माणसाचं ती काहीच समजत नाही, हे खुर्चीत बसलेल्या आर्डिसने त्यांना कधीचं दाखवून दिलं होतं, आणि त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. असा माणूस दात उपटत असला तरी मला आवडतो.

बीटाच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर आर्डिसने ती गाडी सोडली. मी मागे माझ्या ट्रकमध्ये होतो, लवकरच मागे वगैरे राहिलो नाही, दिसेनासाच झालो. परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. तिने डॉक्टरांना विचारलं, पाय दाबला की ही लगेच ढकलते, मध्ये जरासुद्धा पोकळी नाही, ती कुणी भरली. डॉक्टरांनी सांगितलं की टर्बोला हवा भरायला क्षणभर लागतो, तेवढ्यात एक विजेची मोटर गाडी ढकलते, आणि टर्बो जागे झाले की बाजूला होते.

"आणि ट्रकमध्ये ती मोटर नाही," आर्डिस म्हणाली.

"एल्डनच्या ट्रकमध्ये नाही."

"मग तिथे कुणीतरी थांबायला हवं," ती म्हणाली, आणि नाश्ता न करताच मला ओढत एल्डनच्या शेडकडे घेऊन गेली.

एल्डन ट्रक विकायच्या बेतात होता. आत्याला ओढीसाठी तो हवाय हे ऐकून त्याला वाटलं, तीही थट्टा करतेय. आर्डिसने त्याला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसली, बूट-मोजे काढले आणि उघडे तळपाय ट्रकच्या पत्र्यावर टेकवले. एक हात तिने दारावर ठेवला. मी मागच्या सीटवर होतो. एल्डनने पाय दाबला आणि ट्रकच्या आत असा काही आवाज झाला की मला माझा जुना आठाचा ट्रक आठवला. आर्डिसने हात वर केला. पुन्हा, म्हणाली. त्याने पुन्हा दाबला. तिने तळहात दारावर सरकवत सरकवत जाळीच्या झाकणावर आणून ठेवला.

"दार गुरगुरतंय," ती म्हणाली. "पायाखाली अजून काहीच नाही."

एल्डन वरमला. "आत्या, तो आवाज स्पीकरचा आहे. ही इंजिनं शांत असतात ना, लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. म्हणून आत बसणाऱ्यासाठी आठासारखा आवाज लावून देतात. बटण आहे. बंद करता येतो. पण मला आवडतो तो."

आर्डिस हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मागच्या वर्षी तू दाराचं ऐकून ब्रेक सोडलास."

त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळ्या गावाने इंजिनाला नावं ठेवली होती, त्यानेही ठेवली होती. आठाच्या इंजिनात आवाज चढला की जोर चढलाच, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. इथे आवाज आधी चढत होता, आणि टर्बोत हवा भरून जोर मागून येत होता. एल्डनच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, नॉर्बर्टनेही केलं असतं. त्या ट्रकमध्ये बसून न फसणारं माणूस अंगठ्यावर एकच होतं.

मग उन्हाळाभर दगडांनी भरलेली बीटाची जुनी गाडी मागे बांधून ती दोघं शेडमागच्या मातीत ओढत राहिली. समोरच्या पडद्यावर हवेच्या दाबाचा काटा होता. आर्डिस त्या काट्याकडे बघायची आणि पायांनी ऐकायची. काटा आणि तळपाय दोघांचं एकमत झालं की ब्रेक सोडायची. मी एकदा बघायला गेलो आणि तोंड बंद ठेवायचं वचन देऊन आलो. ते मी पाळलं, कसं पाळलं ते मला आणि माझ्या बायकोला माहीत.

जत्रेच्या दिवशी आर्डिस शिलाई मशीनमध्ये बसून मैदानात आली तेव्हा बाकांवर आधी हशा पिकला आणि मग हळूहळू शांतता पसरली. ती काय पैजेवर लावून आलीय ते तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. त्या दिवशी हत्तीकान आणायला एकही माणूस उठला नाही. नॉर्बर्ट ओढ रद्द करायचा लाल झेंडा घेऊन कडेला उभा होता. ट्रक ओळखला तसा त्याने मान फिरवली.

साखळी लावली, ताणली. हिरवा झेंडा पडला, म्हणजे निघा.

आर्डिस जागची हलली नाही.

ट्रकमधून घुमणारा जाडसा आवाज येत होता, बाकी काही नाही. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, आर्डिस, हिरवा. मग पाच-पन्नास जण ओरडले. तिला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मला तिचा चेहरा काचेतून दिसत होता, आणि तो हिरव्या झेंड्याकडे नव्हता, खाली काट्याकडे होता. नॉर्बर्टला तो दिसत नव्हता. त्याला एवढंच दिसलं की म्हाताऱ्या बहिणीला झेंडा पडलेला समजलेला नाही. त्याचा लाल झेंड्याचा हात वर जायला लागला.

मी माइक तोंडाशी घेतला. "नॉर्बर्ट, हात खाली. चालकाने कधी निघायचं ते चालक ठरवतो."

सगळ्या जत्रेने ते ऐकलं. नॉर्बर्टने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा हात अर्ध्यावरच राहिला, कारण तेवढ्यात ट्रक निघाला.

निघाला म्हणजे उडी मारली नाही, चाकं फिरली नाहीत, माती उडाली नाही. ट्रकची पाठ खाली बसली आणि गाडा त्याच्या मागून चालायला लागला. आठाच्या ट्रकची गर्जना बाकांच्या पाट्या हलवते. या ट्रकमधून बारीक शीळ आणि खाली दबलेला घोगरा सूर, एवढंच. एल्डन जिथे थांबला होता तिथून ती गेली. पेटी सरकत होती, गाड्याचं नाक मातीत घुसत होतं. ट्रकची पुढची चाकं हलकी झाली, मला वाटलं संपलं, आणि तिने पाय अजिबात उचलला नाही. त्या इंजिनात आणखी शिल्लक होतं. ते ओझ्याबरोबर वाढतच गेलं. खूण मागे पडली, गाडा खुणेच्या पलीकडे जाऊन थांबला. मी म्हणालो, पुरी ओढ. एवढंच म्हणालो. पुढचं लोकांनी म्हटलं.

आर्डिस दार उघडून खाली उतरली आणि पहिल्यांदा माइकवाल्या माझ्या मचाणाकडे बघितलं. दरवर्षी ती तसं बघायची आणि मी दरवर्षी हात वर करायचो. मला वाटायचं, तिला माझी शाबासकी हवी असते. मी हात वर केला. तिने मान हलवली आणि साखळी सोडायला ट्रकच्या मागे वाकली. मी माइक खाली ठेवून मैदानात धावलो. माझ्या वयात धावणं म्हणजे भरभर चालणं, पण गेलो.

एल्डन आधीच पोचला होता. तिच्या समोर गुडघ्यावर बसून विचारत होता, "आत्या, तो दारातला आवाज बंद केला होतास ना?"

"मला काय करायचंय बंद करून," आर्डिस म्हणाली.

तेवढ्यात नॉर्बर्ट आला. सवयीप्रमाणे मागूनच आला आणि तिच्या पाठीशी काहीतरी बोलला. ती साखळीशी झटत राहिली. तो पुन्हा बोलला. आम्ही सगळे बघत होतो, आणि आम्ही बघतोय हे त्याला दिसत होतं. मी आयुष्यभर त्या माणसाला ओळखतो, त्याने कुणासाठी वाट वाकडी केलेली मी पाहिली नव्हती. नॉर्बर्ट वळला, अख्ख्या ट्रकला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिच्या समोर उभा राहिला. टोपीच्या सावलीत तोंड झाकलं जात होतं, म्हणून त्याने टोपी काढली.

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?" त्याने विचारलं.

"एल्डन शाळेत होता तेव्हापासून," आर्डिस म्हणाली. "मर्व्हने हात वर केला की मला कळायचं, पुरी झाली."

नॉर्बर्ट तोंडातल्या तोंडात वर्षं मोजत असावा. मी तर मोजतच होतो. बापाच्या आठाच्या ट्रकने तिने मारलेल्या त्या सगळ्या ओढी, ज्यांची उदाहरणं देऊन नॉर्बर्ट पोरांना कान तयार करायला सांगायचा, त्यांतल्या बहुतेक तिने न ऐकताच मारल्या होत्या. तळव्यांनी आणि बुडाखालच्या सीटने. माझा हात इतकी वर्षं तिच्या कामाला येत होता, आणि मी मात्र माइकवर बोलत बसलो होतो. मला एकदम भरून आलं आणि ते मी लपवलं नाही.

नॉर्बर्टने घसा साफ केला. मग मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "मला. हे. शिकव."

"नेहमीसारखं बोल, नॉर्ब," आर्डिस म्हणाली. "बहिरी आहे, बाळ नाही."

त्याचे कान लाल झाले. पण तो समोरून हलला नाही. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या कुरकुरीत, तो म्हणाला की हे मशीन त्याला मुळीच आवडलेलं नाही, आवडणारही नाही, पण पुढच्या वर्षी तो त्यात बसणार आहे आणि तिने त्याला शिकवायचं आहे, आणि आता हसू नकोस.

आर्डिस हसतच होती. तिने साखळीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बूट काढून ये."

पुढच्या शुक्रवारी मी यूकरला गेलो तेव्हा एल्डनचा ट्रक हॉलसमोर पहिल्या रांगेत लागलेला होता. आत भिंतीकडची खुर्ची रिकामी ठेवलेली होती, आणि त्या खुर्चीच्या बरोबर समोर, टोपी मांडीवर घेऊन, नॉर्बर्ट बसला होता.